मॉक संपल्यानंतरचे तीन तास

या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक कॅटचीच, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांत एमबीएला जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेचीच आहेत. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, त्यामुळे गणपती उठले की मुलं रविवार मोजायला लागतात. मी साताऱ्यात घराच्या माडीवर गेली अठरा वर्षं या परीक्षांचं गणित शिकवते. ही धास्ती मला दर वर्षी याच दिवसांत माझ्या जिन्यात भेटते. सगळ्या पत्रांना इथे उत्तर देणं शक्य नाही. ज्यांत बाकीच्यांचाही प्रश्न सामावला आहे, अशी पाच निवडली आहेत.

मॅडम, मी मूळचा सांगोल्याचा. इंजिनीअरिंग करून सध्या हिंजवडीत नोकरी करतो. कॅटचा हा माझा दुसरा प्रयत्न आहे. एप्रिलपासून २३ मॉक (सराव पेपर) दिले, पण पर्सेंटाइल ७८ ते ८३ च्या मध्येच फिरतंय. मित्र म्हणतात, पन्नास तरी मॉक व्हायलाच पाहिजेत. आता रोज एक द्यायचं ठरवतोय. शेवटच्या मॉकचा तक्ता सोबत जोडला आहे.

रोज एक देऊ नकोस. तू सांगोल्याचा आहेस, म्हणून तुला चटकन कळेल असं सांगते. विहिरीत रोज दोरी सोडून पाणी किती खोल गेलंय ते तू मोजतो आहेस, पण गाळ काढायला अजून एकदाही आत उतरलेला नाहीस. मॉक म्हणजे ती दोरी.

तू प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळही लिहून पाठवलास, हे फार चांगलं केलंस. त्यामुळे मला नेमकं बोलता येतंय. तुझा गणिताचा विभाग घेऊ. २२ प्रश्न, ४० मिनिटं. तू १६ सोडवलेस, ९ बरोबर, ७ चूक, आणि सातही पर्यायांचे. बरोबरला तीन गुण, पर्यायांचा प्रश्न चुकला की एक वजा. म्हणजे २७ वजा ७, एकूण २० गुण. आता तुझ्या तक्त्यातल्या पाच प्रश्नांखाली मी लाल रेघ मारली आहे. या पाचांनी मिळून तुझी १९ मिनिटं खाल्ली आणि त्यातला एकच बरोबर आला. ते पाच तू सोडून दिले असतेस तर ८ बरोबर, ३ चूक, म्हणजे २१ गुण. फरक अवघ्या एका गुणाचा! मुलांना वाटतं की चुकीचा एक गुण कापला जातो, तिथेच आपण मार खातो. खरा मार बसतो तो १९ मिनिटांचा. कारण तू न सोडवलेल्या सहा प्रश्नांपैकी चार तर उघडूनही पाहिले नव्हतेस, आणि त्यातले तीन तू नंतर घरी प्रत्येकी दोन-अडीच मिनिटांत सोडवलेस, असं तूच लिहिलं आहेस. ते नऊ गुण तिथेच पडलेले होते. २१ आणि ९, तीस. वीसचे तीस झाले असते आणि त्यासाठी एकही नवं सूत्र शिकावं लागलं नसतं.

म्हणून विभाग सुरू झाला की पहिल्या फेरीत बाविसाच्या बावीस प्रश्न नजरेखालून गेलेच पाहिजेत. प्रश्न वाचून पाऊण मिनिटात वाट दिसली तर सोडवायचा, नाही दिसली तर पुढे जायचं. अडलेल्या प्रश्नाशी हट्ट धरायचा नाही. अभ्यासाला बसल्यावर हाच हट्ट गुण असतो, म्हणून हुशार मुलांनाच तो सोडायला जास्त जड जातो. तुझ्या तक्त्यावरून तू त्यातलाच दिसतोस.

आता मॉक संपल्यानंतरचं. दोन तासांच्या मॉकला नंतरचे तीन तास दिले नाहीत तर ते दोन तासही वाया गेले, असं मी माझ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. हे तीन तास त्याच दिवशी दुपारनंतर किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्यायचे. आधी उत्तरपत्रिका उघडायची नाही. चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. यातून एकच गोष्ट कळते, पण ती सगळ्यात मोलाची असते. हा प्रश्न मला येतच नव्हता की येत होता पण तिथे सुचला नाही? या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यासाठी धडा पुन्हा वाचावा लागतो, दुसऱ्यासाठी वही लागते.

वही म्हणजे दोनशे पानी साधी वही. त्यात प्रश्न उतरवून काढायचा नाही आणि उत्तरही नाही. ‘पुढच्या वेळी काय दिसलं की काय करायचं’ एवढंच एका ओळीत लिहायचं. एक उदाहरण अगदी जवळून दाखवते. परवा माझ्या वर्गात हा प्रश्न दिला होता: क्ष आणि य या धन पूर्ण संख्या आहेत. क्षचा वर्ग वजा यचा वर्ग बरोबर १०५. अशा जोड्या किती?

एका मुलीने आकडे घालून बघायला सुरुवात केली. ११ चा वर्ग १२१, त्यातून १०५ गेले, उरले १६, म्हणजे य ४. मिळाली एक जोडी. १२ ने जमलं नाही. १३ ने जमलं, य ८. मग १९ आणि १६. एवढ्यात चार मिनिटं गेली, पुढे काही सापडेना, तिने ३ उत्तर लिहिलं. खरं उत्तर ४ आहे. चौथी जोडी ५३ आणि ५२. आकडे घालत तिथवर कोण पोचणार? वर्गांची वजाबाकी दिसताच बेरीज गुणिले वजाबाकी असे अवयव पाडले की १०५ म्हणजे १ गुणिले १०५, ३ गुणिले ३५, ५ गुणिले २१, ७ गुणिले १५. चार गुणाकार, चार जोड्या, अर्ध्या मिनिटात.

तिने वहीत लिहिलं होतं, ‘सूत्र विसरले.’ मी ते खोडायला लावलं. ती सूत्र विसरली नव्हती, आठवीपासून तिला ते पाठ आहे. सूत्र वापरायची वेळ तिला ओळखता आली नाही. मग तिने लिहिलं, ‘वर्गांची वजाबाकी दिसली की आधी अवयव, आकडे घालायचे नाहीत.’ ही खरी नोंद. त्यानंतर मी तिला १०५ च्या जागी १०६ घ्यायला सांगितलं. एकही जोडी मिळेना. का? १०६ चे अवयव १ आणि १०६ किंवा २ आणि ५३. दोन्हीकडे एक सम आणि एक विषम. पण दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी एकतर दोन्ही सम येतात नाहीतर दोन्ही विषम. मग तिने आपणहून १२० घेतला, चार जोड्या काढल्या आणि कुठले अवयव बाद झाले तेही मला समजावून सांगितलं. एका चुकलेल्या प्रश्नातून तीन प्रश्न निघाले, आणि तिसरा तिने स्वतः तयार केला. सराव म्हणतात तो हाच.

तुझ्याकडे २३ मॉक आहेत, म्हणजे दीड हजारांवर प्रश्न घरात पडून आहेत. सगळ्यात जुन्या मॉकपासून सुरुवात कर. दिवाळीपर्यंत नवा मॉक फक्त रविवारी एक. आठवड्याच्या संध्याकाळी जुन्यांचा गाळ काढायचा. दिवाळीनंतर आठवड्याला दोन चालतील. परीक्षेआधीच्या शेवटच्या चार दिवसांत एकही नको.

मी हे अनुभवावरून सांगते. मी २००३ साली कॅट दिली, तेव्हा परीक्षा कागदावर आणि पेन्सिलने व्हायची. नोव्हेंबरची ती परीक्षा पेपर फुटल्यामुळे रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा घेतली गेली. अडीच महिने हातात आले आणि नवे पेपर आणायला पैसे नव्हते. माझ्याकडचे जुने नऊ पेपर मी पुन्हा काढले आणि एकेक प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवत बसले. त्या अडीच महिन्यांत मी जेवढं गणित शिकले तेवढं आधीच्या वर्षभरात शिकले नव्हते.

आणि ७८ ते ८३ या आकड्याने खचू नकोस. त्या मॉकला बसलेल्या मुलांपैकी शेकडा किती जणांच्या तू पुढे आहेस, एवढंच तो सांगतो. प्रत्यक्ष परीक्षेला अडीच-तीन लाख मुलं बसतात आणि ती मंडळी वेगळी असतात. पाच महिने तू नोकरी सांभाळून २३ वेळा पेपरला बसलास. ही चिकाटी तुझ्याकडे आहेच, तिला फक्त वही जोडायची आहे.

ताई, मी मेहकरची. बी.कॉम. झालंय, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. गणित आणि डेटाचे संच (आकडेवारीवरचे प्रश्न) मला जमतात, पण इंग्रजी उतारे वाचताना घाम फुटतो. शब्दकोश पाठ करायला घेतला आहे, रोज पन्नास शब्द. तरी उताऱ्यांचे निम्म्याहून जास्त प्रश्न चुकतात.

शब्दकोश ठेवून दे. कॅटच्या इंग्रजीच्या विभागात साधारण २४ प्रश्न असतात आणि त्यातले १६ उताऱ्यांवरचे, चार उतारे आणि प्रत्येकी चार प्रश्न. शब्दाचा अर्थ सांगा असा सुटा प्रश्न आता जवळजवळ येतच नाही. तुझी अडचण शब्दांची फारशी नाही, उताऱ्यात कोण बोलतंय ते हरवतं, ही आहे. तू पाठवलेल्या सहा चुकांपैकी चार मी नीट पाहिल्या. चारही ठिकाणी लेखक ज्या मताला विरोध करतोय, तेच मत तू लेखकाचं म्हणून निवडलं आहेस.

आपल्याकडे याला फार जुने शब्द आहेत: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. शास्त्रकार आधी समोरच्याचं म्हणणं मांडतो, अगदी त्याच्या बाजूने बोलतोय असं वाटावं इतकं नीट मांडतो आणि मग ते खोडून आपलं सांगतो. कॅटचे निम्मे उतारे याच घडणीचे असतात. पहिल्या दोन परिच्छेदांत ‘अनेक अभ्यासकांना असं वाटतं’ म्हणून पूर्वपक्ष येतो. मग एक ‘हाउएव्हर’ किंवा ‘येट’ किंवा नुसता ‘बट’ येतो आणि तिथून लेखक स्वतः बोलायला लागतो. ते वळण सापडलं की अर्धा उतारा सापडला.

याचा सराव आधी मराठीत कर. मी गंभीरपणे सांगते आहे. रोज सकाळी वर्तमानपत्रातला अग्रलेख घे आणि पेन्सिलने समासात ‘पू’ आणि ‘उ’ लिहीत जा. पंधरा दिवसांत डोळ्याला सवय लागेल. मग इंग्रजी उतारा घे. प्रत्येक परिच्छेद संपला की नजर वर उचल आणि त्यात काय म्हटलं ते एका वाक्यात मराठीत लिही. मराठीतच लिही. इंग्रजीत लिहायला गेलीस की तू उताऱ्यातलेच शब्द उचलशील आणि समजलं नसलं तरी समजल्यासारखं वाटेल. मराठीत मात्र समजल्याशिवाय वाक्यच तयार होत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांकडे ही सोय नाही आणि तुझ्याकडे आहे, हे विसरू नकोस.

चार परिच्छेदांची चार वाक्यं झाली की मगच प्रश्नांकडे जा. सुरुवातीला एका उताऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, लागू देत. महिनाभराने लिहिणं बंद करून वाक्य मनात म्हणायचं. परीक्षेच्या वेगाला, म्हणजे उतारा आणि त्याचे प्रश्न मिळून आठ-नऊ मिनिटांना, तू ऑक्टोबरअखेर पोचशील. चारही उतारे करायलाच हवेत असंही नाही. तीन नीट केलेस आणि चौथ्याला हात लावला नाहीस तरी चालेल.

पर्याय निवडताना एक जपायचं. जो पर्याय जगात खरा आहे पण उताऱ्यात नाही, तो चूक. वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या मुली इथेच फसतात, कारण त्यांना बाहेरचं माहीत असतं.

नमस्कार. माझी मुलगी बँकेच्या नोकरीसोबत कॅटची तयारी करते. दर रविवारी मॉक झाला की तोंड पाडून बसते, कधी रडते, जेवत नाही. आम्ही ‘किती आले’ एवढंच विचारतो, तरी चिडते. घरच्यांनी काय करावं? — एक आई, डोंबिवली

ताई, तुमचा जीव तुटतो आहे हे पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं. एक लहानशी गोष्ट करून पाहा. रविवारी ‘किती आले’ विचारू नका. सोमवारी रात्री, जेवणं झाल्यावर, ‘कालच्यातला एक प्रश्न मला समजावून सांग’ एवढंच म्हणा.

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. इंग्रजी पेपर त्यांना कळायचा नाही. पण मी पेपर सोडवला की ते चहाचा कप घेऊन समोर बसायचे आणि म्हणायचे, ‘एक सांग.’ एकदा मी त्यांना दोन गाड्यांच्या वेगाचं गणित सांगत होते. गाड्या समोरासमोरून येत होत्या आणि मी वेगांची वजाबाकी केली होती. वडील म्हणाले, ‘अगं, समोरून एसटी आली तर ती झपकन जाते ना? मग वजाबाकी कशी?’ उत्तरपत्रिका वाचून मला जी चूक दिसली नव्हती, ती तिथे दिसली. त्यांना गणित येत नव्हतं, त्यांना प्रवास माहीत होता.

तुमच्या मुलीला मार्कांचा धसका नाही, मार्क सांगावे लागतील याचा आहे. ते सांगणं काढून घेतलंत की ती जेवेल. जेवायला बोलावताना परीक्षेचं नाव नको, आणि शेजारच्या कुणाच्या मुलाचं तर नकोच नको. रडू थांबतच नसेल, झोप उडाली असेल, कामावरही मन लागत नसेल, तर मात्र ‘नोव्हेंबर झाला की होईल नीट’ असं म्हणत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. परीक्षा दर वर्षी असते.

कॅट आणि आपली राज्याची एमबीए सीईटी, दोन्हींची तयारी एकदम होते का? मला एमबीएसाठी मुंबईतली जमनालाल बजाज ही संस्था हवी आहे. — एक विद्यार्थी, नांदेड

अभ्यासक्रम बराच एक आहे, सराव मात्र एक नाही. आजवरच्या स्वरूपानुसार सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. त्यात तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. कॅटमध्ये सोडून देणं शिकावं लागतं, सीईटीत काहीच न सोडणं. नोव्हेंबरपर्यंत कॅटच्या पद्धतीने खोल अभ्यास कर. डिसेंबरपासून रोज वीस आकृत्या आणि तोंडी हिशोब धर. पाढे तीसपर्यंत, वर्ग तीसपर्यंत, एक छेद वीसपर्यंतच्या अपूर्णांकांची शेकडेवारी, हे सगळं जिभेवर हवं. कॅटचा खोल अभ्यास झालेला मुलगा सीईटीत पहिल्या आठवड्यात हळू पडतो, त्याला घाबरू नकोस. वेग तीन आठवड्यांत येतो. माहितीपत्रक निघालं की प्रश्नांची संख्या आणि गुण मात्र त्यातच पुन्हा तपासून घे.

मॅडम, कॅटमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, मग तोंडी हिशोब कशाला? आणि घरी मी मोबाइलवर मॉक देते, चालेल का? — कणकवली

कॅल्क्युलेटर असतो, पण तो माऊसने एकेक बटण दाबत चालवावा लागतो. संगणकाचा कळफलक परीक्षेत वापरता येत नाही. पर्याय नसलेल्या प्रश्नांची उत्तरंही स्क्रीनवरच्या बटणांनीच भरायची असतात. १७ गुणिले २४ साठी चार आकडे, गुणाकाराचं चिन्ह आणि बरोबरचं चिन्ह अशा सहा टिचक्या लागतात, तेवढ्यात तोंडी ४०८ येऊन जातात. डेटाच्या संचातल्या लांबलचक भागाकारांपुरताच तो वापर.

मोबाइलवर मॉक देऊ नकोस. लॅपटॉप असेल तर त्याला साधा तारेचा माऊस लाव, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा सायबर कॅफेत रविवारचे दोन तास मिळतात का बघ. शेजारी कच्चे कागद आणि पेन. पाण्याची बाटली टेबलावर नको, उठायचं नाही. परीक्षा तीन सत्रांत होते: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेचार. तुला कुठलं येईल ते प्रवेशपत्रावरच कळेल. तोवर तिन्ही वेळांना मॉक देऊन पाहा. दुपारच्या सत्राच्या सरावाला बसायच्या दिवशी सकाळी अकराला काय खाल्लं आणि दीड वाजता डोळे जड झाले का, तेही वहीत लिहून ठेव. परीक्षेआधी कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर सरावाचा पेपर टाकतात, तो एकदा तरी त्याच माऊसवर सोडव.